तोडा

राजा झालो नाही, म्हणून सांगायला उरलो.

त्या साली सोलापूरच्या किल्ल्यात
माझ्या पायात सोन्याचा तोडा होता
आणि दाराशी बसलेल्या चाऊसच्या बंदुकीला सुताचा.
माझा रुतायचा. त्याचा जळायचा,
रात्रभर, तांबड्या मुंगीएवढा.
दचकून जागा झालो की आधी ती मुंगी शोधायचो.
जागच्या जागी दिसली की पुन्हा झोप.

मसूद बिन औद, हद्रमौतचा,
साठ असामींचा जमादार.
आबासाहेब गेले तसे सगळे पांगले,
मामासुद्धा, घोड्यांसकट.
हा राहिला, कारण अठरा महिन्यांचा पगार थकला होता.

'राखण करतोस की ओलीस धरलायस पोराला?'
फडावरच्या कारकुनानं एकदा तोंडावर विचारलं.
बुनाचे दाणे तव्यावर परतता परतता
चाऊस म्हणाला, 'दोनो.'
दोनो म्हणजे काय ते मला कळत होतं.
ओलीस म्हणजे काय ते नव्हतं.

उन्हाळ्यात तलाव पायऱ्या सोडून खाली गेला,
खंदकातली बेडकं चामड्यासारखी वाळली.
शेंगाचटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं,
तरी मागून घ्यायचा.
दुपारी तटावरच्या कबुतरांकडे बोट करून
तो मला मोजायला शिकवायचा.
वाहिद, इस्नैन, तलाता.
एखादं उडालं की चिडायचा,
मोजणी पहिल्यापासून.

मग शिवदेवपंत आले. पालखी घेऊन,
थकलेला पगार थैल्यांत भरून,
आणि वर दोन महिन्यांचा जास्तीचा.
'पोर द्या, जमादार. गादीवर बसवतो.'
तीन दिवस रोज आले. तीन दिवस चाऊस
जांबियाची मूठ पुसत बसला.
तिसऱ्या दिवशी पंतांनी छत्र उघडून दाखवलं,
लाल मखमल, मोत्यांची झालर.
मी टाळ्या वाजवल्या.

चाऊसनं एवढंच विचारलं,
'याचा दांडा इतका आखूड का?'
'पोर लहान आहे ना.'
'पोर वाढतं, पंत.'
पंतांनी छत्र मिटलं.

त्या रात्री त्यानं माझा पाय मांडीवर घेतला.
तोडा निघेना, मी वाढलो होतो.
करडईचं तेल चोळून चोळून काढला,
आणि मग दोन बोटांच्या चिमटीत
आपल्या बंदुकीचा तोडा विझवला.
पहिल्यांदाच इतका काळोख पाहिला मी.
ओरडलो असतो, पण त्याचा तळवा तोंडावर होता,
बुन आणि दारूचा वास असलेला, बंदुकीच्या.

तलावाकडच्या दिंडीतून, खांद्यावर,
जांबिया बरगडीत टोचत.
नरसय्या कोष्ट्याच्या घरी
मागाच्या खड्ड्यात त्यानं मला उतरवलं,
जसं बी उतरवतात.
काही बोलला नाही. बोलला असेल तर अरबीत.
सोन्याचा तोडा त्यानं ठेवून घेतला.
साठ माणसं, अठरा महिने,
त्यात कितीसं भागलं असेल?
पण ठेवून घेतला. हे मी पुष्कळ वर्षं विसरलो नाही.

पहाटे किल्ल्याकडून बार ऐकू आले.
कुणी म्हणतं, तो हैदराबादच्या वाटेला लागला,
कुणी म्हणतं, खंदकातच आहे.
मी विचारायला गेलो नाही. राजे विचारायला जातात.

पंतांनी गादीवर दुसरं पोर बसवलं.
कुणाचं, देव जाणे. नाव माझंच दिलं.
दिवाळीच्या आधी ते तापानं गेलं म्हणे.
लच्चव्वानं बाजारातून ऐकून आणलं
आणि मला जवळ ओढून दुप्पट भात वाढला.
तेरावं झालं. माझं.
त्या पोराला कबुतरं मोजता येत होती का, कोण जाणे.

आता सत्तरी उलटली. धोटा हातातून निसटतो.
ताणा लावताना मी अजून चाऊससारखे मोजतो,
नरसय्याची नातवंडं हसतात, हसू देत.
चाळीसच्या पुढचे आकडे मला येत नाहीत.
तेवढी कबुतरं नव्हती तटावर.
म्हणून चाळीस धागे झाले की एक गाठ,
आणि पुन्हा वाहिदपासून.