दिवस बुडायच्या आत

आमच्या वाचनमंडळाची वेळ
पुस्तकानं कधी ठरवली नाही.
ती नेमिनाथ मगदूम सरांच्या जेवणानं ठरवली.
दिवस बुडाल्यावर सर पाणीसुद्धा घेत नसत,
म्हणून कॅलेंडरवरचा सूर्यास्त बघून आम्ही जमायचो
विश्रामबागेत, सुनेत्रा बिरनाळेच्या गच्चीवर.
आधी खाणं, मग पुस्तक.
"पोट भरलं की माणूस लेखकाला माफ करतो," सर म्हणायचे.

वही माझ्याकडं.
मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर
दिवसभर पोती आणि क्विंटल लिहिणारी बाई मी,
तिथल्याच सवयीनं दोन रकाने पाडले:
डावीकडं पुस्तक, उजवीकडं पदार्थ.
आता उलटून बघते तर डावीकडं
'अर्धं झालं', 'शेवट तेवढा वाचला',
'नसीमाचं पूर्ण, बाकीच्यांनी तिला विचारलं'.
उजवीकडं मात्र एकही शनिवार उपाशी नाही.
खपली गव्हाची खीर.
हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी.
बेदाण्याचं सरबत (परत नको).
नसीमा बागवाननं मिरजेहून
मांडीवर धरून आणलेला शीरखुर्मा,
अर्धा तिच्या ओढणीनं प्यायलेला.
आणि दर वेळी भडंग,
दोन डब्यांत.

निळ्या झाकणाचा सरांचा, बिनलसणाचा.
स्टीलचा आमचा.
आमची बोटं तेलकट, सर चमच्यानं खायचे,
म्हणून वाचताना पान उलटायचं काम त्यांचं.

एकदा कादंबरीतल्या नवऱ्यानं घर सोडलं
ते बरोबर का चूक, यावरून
प्रताप शेडबाळे तावातावानं निघून गेला
आणि जिन्यातून परत आला,
चहा राहिला होता म्हणून.
एकदा त्यानंच पलूसच्या भाच्याकडची वाइन आणली,
स्टीलच्या पेल्यांतून घेतली आम्ही, चोरून घेतल्यासारखी.
त्या दिवशी कवितासंग्रह होता.
सगळ्यांना कळला.
सर कोकम पीत म्हणाले,
"मला शुद्धीत कळला, म्हणून आवडला नाही."
पुराच्या साली याच गच्चीवर
गावभागातली प्रतापची पुस्तकं वाळत घातली होती
दोरीवर, चिमटे लावून, कपड्यांसारखी.
त्यांच्या खाली बसून खिचडी खाल्ली.
डावा रकाना त्या दिवशी मी मुद्दाम मोकळा सोडला.

सर पौषात गेले.

महिन्याभरानं त्यांची त्रिशला
मंडळाचं पुस्तक परत द्यायला आली.
खाकी कव्हर घातलेलं, सरांच्या हातचं.
ती गेल्यावर सहज चाळलं, तर
पान एकशे बारावर, शिवणीच्या खाचेत
एक चपटा झालेला कुरमुरा
आणि लसणाची तांबूस चकती, नखाएवढी.
तेल मागच्या पानापर्यंत उतरलेलं,
तिथली अक्षरं या पानात डोकावत होती.

मी वास घेतला.
स्टीलचा डबा.

कुणी म्हणेल, पुस्तक आधी दुसऱ्याकडं असेल.
वही म्हणते, नव्हतं.
दुकानातून आलं ते थेट सरांकडं गेलं,
आणि वही चुकत नाही,
हळदीच्या हिशेबात मुरलेलं अक्षर आहे माझं.
मग कधी? आम्ही भांडत होतो तेव्हा?
प्रताप जिन्यात होता तेव्हा?
का सुनेत्रा दिवा लावायला उठली तेव्हा,
दिवस बुडून गेल्यावर?

कुणाला सांगितलं नाही.
चकती होती तिथंच ठेवली.

या शनिवारीही आम्ही उजेडीच जमलो.
वेळ बदलूया, असं कुणी म्हटलं नाही.
सुनेत्रानं सवयीनं दोन डबे आणले,
निळा मधोमध ठेवला गेला, झाकण तसंच.
"हा कुणाला?" प्रताप म्हणाला, आणि
पुढं काही न बोलता पेल्यात बघत बसला.
मी वही ओढली.
उजवीकडं लिहिलं: भडंग, चहा.
डावीकडं पुस्तकाचं नाव, आणि त्याखाली, बारीक अक्षरात:
मगदूम सर, पान एकशे बारापर्यंत.