गच्चीवरचे तुकडे

होडी आमच्या बोळातच तयार झाली,
साखर पेठेत, जिथं सगळ्यांत जवळचं पाणी म्हणजे
चार दिवसांनी येणारा नळ.
लूमवरून सुटल्यावर नरसय्याला हे सुचलं.
प्लायच्या फळ्या, बाभळीच्या फासळ्या, डांबर. नऊ फूट.
टेम्पोत घालून हिप्परग्याच्या तळ्यावर नेली.
टेम्पोवाला म्हणाला, कपाट का ओ?

पंधरा दिवसांत तो म्हणाला, तिला पांघरूण पाहिजे.
मी म्हटलं, कापडाचं तू मला सांगू नको,
तीस वर्षं टॉवेलच्या कडा मारतेय.

पहिली मनात आली ती चादरच. हसू नका,
या गावात पांघरूण म्हटलं की हात तिकडंच जातो.
पण चादर पाणी पिते आणि सोडत नाही,
ओली चादर दोघांनी पिळावी लागते, ठाऊक आहे मला.

हत्तुरेंच्या दुकानात तासभर बसले.
निळी ताडपत्री दाखवली, ‘दहा वर्षं बघायचं नाही वहिनी.’
एक धागा ओढला, काडी लावली.
वितळून मणी झाला, काळा, बोटाला चटका.
कॅनव्हासचा ओढला, तो कागदासारखा जळला, राख झाली.
हत्तुरे बघत राहिले. मग चहा मागवला.

पावसाची मला भीती नव्हती.
पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो, निम्म्यातून उठतो.
ऊन घरचं आहे.
ऊन कापड कसं खातं ते दिसत नाही;
एक दिवस नख लावावं आणि बोट आरपार जावं.

म्हणून तुकडे आणले. फळीला खिळ्यांनी ठोकले,
कडा शिवून, जशा होडीवर शिवाव्या लागतील तशाच.
ताडपत्री, छत्रीचं, हिरवं जाड कॅनव्हास,
आणि अक्कलकोट नाक्यावर मागून आणलेलं ट्रकच्या हुडाचं फाटकं टोक.
शिमग्यापासून मिरगापर्यंत फळी गच्चीवर.
शेजारची यल्लूबाई म्हणायची, पापड वाळले का ग?

ताडपत्री पापडच झाली. चुरा हातात आला.
छत्रीचा रंग गेला, मग जीव गेला.
कॅनव्हास टिकलं. मिरगाच्या सरीत भिजलं तेव्हा
सूत फुगलं आणि आपली भोकं आपणच बुजवली,
पण खालून चार काळे ठिपके, कुबट वास.
हुडाचं तोंड वाकडं होतं, तसंच राहिलं.

आणि मग बघितलं, शिवण नाही.
कुठल्याच तुकड्याची नाही.
मी घातलेले टाके, चाळीस नंबरचं रीळ,
फुंकर मारली तसे उडाले.
तीन महिने मी कापडाकडं बघत होते.

तळ्यावरच्या मारुती भोयानं जाळ्याचा दोरा दिला,
पैसे घेतले नाहीत, हसला मात्र पोटभर.
मशीनची सुई दोनदा मोडली,
मग पोती शिवायचा दाभण घेतला आणि अंगठ्याला चिंधी बांधली.
शिवण दुहेरी दुमडली. कॅनव्हासला मेण चोळलं.
दोन्ही टोकांना हातभर मोकळं ठेवलं,
वारा आत जायला पाहिजे, नाहीतर लाकूड घामानं कुजतं.
मधोमध बांबू, पाणी साचू नये म्हणून.
अकरा ठिकाणी गाठी.

आता नरसय्या काठावर बाभळीखाली बसतो.
कव्हर कसं ताणलंय ते बघतो.
पाणी ओघळतं, पाणकावळा शिटतो, पुसून काढतो.
होडी सोडू या का म्हटलं तर म्हणतो
अकरा गाठी आहेत ग, उद्या.

परवा पोरांनी विचारलं, आत काय आहे आजोबा?
होडी, म्हणाला.
कुणाला पटलं नाही.