नापास फळी

वार्काउसच्या कारखान्यात आम्ही घरं बांधायचो.
घरं म्हणजे भिंती, दारं, चौकटी,
नंबर टाकून मालगाडीत आडव्या रचलेल्या.
पूर्वेला जायच्या. देणं होतं फिनलंडचं,
हरलेल्यानं जिंकलेल्याला द्यायचं,
आणि उशीर झाला तर महिन्याला पाच टक्के दंड.

तौनो, माझा नवरा, रंधा मारायचा.
आमचं घर कारेलियात, नव्या सरहद्दीपलीकडे राहिलं,
चुलीतली राखसुद्धा काढली नव्हती.
इथे एका शाळामास्तरणीच्या मागच्या खोलीत
पडद्याआड चौघं.

तपासनीस यायचा, बोलायला मऊ.
दार उघडायचा, लावायचा, पुन्हा उघडायचा.
एकदा म्हणाला, या फळीत गाठ आहे.
होती. अंगठ्याएवढी.
मुकादमानं फळी बाजूला फेकली.
तौनोनं ती सायकलला बांधली
आणि बर्फातून सायकल ढकलत घरी आणली.
तिचं टेबल झालं.

बावन्न साली शेवटची गाडी गेली.
पेपरात आलं, पै न् पै फिटली.
तौनोनं बातमी दोनदा वाचली,
मग विचारलं, एखादं आपल्याच अंगणात
उभं राहिलं असेल का गं?
मी म्हटलं, जेव, निवतंय.

माझा भाऊ ओन्नी
कुठल्याच यादीत नव्हता,
ना देण्यात, ना घेण्यात.

तौनो गेला. टेबल आहे.
पाहुणे आले की मी गाठीवर बशी ठेवते.
एकटी असले की ठेवत नाही,
बोट आपसूक तिथंच जातं.