पालखारच्या वाघिणी

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा,
हे मला जनावराच्या आधी कळलं.
पालखारच्या सायडिंगवर रोज तिन्हीसांजेला
अकरा वाघिणी येऊन उभ्या राहायच्या
आणि शेळ्यासुद्धा मान वर करायच्या नाहीत.

कुर्ल्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला,
बांधाच्या आत शेतं : राता, मुणगा, कडेला वाल.
रूळ आले तेव्हा गाव म्हणजे पस्तीस उंबरे,
एक क्रूस आणि एक वेताळ.
दोघांनाही दहा दहा हात सरकावं लागलं.

मग शिवजी नेणशीने भाताची गिरण टाकली.
तिच्या भोंग्याने कोंबडे आरवायचे थांबले,
असं पदीबाय सांगायची. तिचं खरं धरू नका.
तिचे बोंबील मात्र खरे होते :
निखाऱ्यावरचे, तांदळाच्या भाकरीवर,
हमालांना दोन आण्यांत.
दोन न्हावी आले. एक फोटोवाला आला,
त्याच्या पडद्यावर ताजमहाल.
गोदामाच्या टोकाला शाळा निघाली,
फळा पुसला की हाताला तूस लागायचं.
इनास परेराच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा
त्याने एकच विचारलं : "पोरगा सायडिंगवर आहे ना?"

माझे वडील, दत्ताराम टिपणीस, मालधक्क्यावर कारकून.
काटा त्यांच्या ताब्यात.
पाऊस किती झाला ते आभाळावरून नाही,
पोत्याच्या वजनावरून सांगायचे.

गेलं कसं, म्हणता?
एका उधाणाला उघाडीची झडप मोडली, बांध फुटला.
पूर्वी असं झालं की घरटी एक माणूस
रात्रीच कंदील घेऊन चिखलात उतरायचा.
त्या वर्षी अर्धा गाव धक्क्यावर रोजाने होता.
रोज बुडवून बांधाला कोण जाणार?
हाशा भोईर एकटा गेला, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला
आणि परत आला.

खारं पाणी आत आलं आणि बसलं.
पुढच्या सुगीला सात वाघिणी.
मग चार.
मग एकच, तीही कुठल्याशा कारखान्याची पिंपं घेऊन.
शिवजीशेठने गिरण भिवंडीला नेली.
फोटोवाल्याने ताजमहाल गुंडाळला.
पदीबाय राहिली. बोंबील कुणासाठी भाजतेस विचारलं
तर म्हणायची, "मांजरा हान ना."

शेवटी रूळ उपटले.
भंगारवाल्याने तुकडे करून त्याच काट्यावर तोलले.
वडिलांनी वजन लिहिलं, बेरीज केली, सही घेतली.
काट्याचं ते शेवटचं काम.

नाही, आणखी एक.
सगळे गेल्यावर त्यांनी मला उचलून काट्यावर ठेवलं.
मी आठ वर्षांचा, लोखंडाचा गंज पायाला लागलेला.
पुस्तकात उरलेली एक बिल्टी काढून
त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात भरली :
नग, एक. माल, मुलगा.
वजन, बावीस किलो, कोरडं.
मालकाच्या जोखमीवर.
पासून, पालखार.
पर्यंत…
तिथे टाक थांबला. कुणीतरी हाक मारली असेल,
किंवा नसेलही.

मागच्या आठवड्यात बसने गेलो.
कंडक्टर अजून ओरडतो, "चला, सायडिंग!"
उतरल्यावर एका पोराला विचारलं, असं नाव का रे?
तो म्हणाला, "इथे रिक्षा साइडला लावतात, म्हणून असेल."
खरंच लावल्या होत्या. मोजल्या. अकरा नव्हत्या.

बिल्टी माझ्याजवळ आहे.
फाटेल म्हणून मुलीने लॅमिनेट करून आणली.
चांगलं केलं तिने.
आता तिच्यावर काही लिहिता येत नाही.