जुना दोरा

मोती सरकारांचे, दोरा आमचा,
असं आजोबा म्हणायचे, गंमत म्हणून नाही,
हिशेब म्हणून.
बारा वर्षांत रेशीम कुजतं.
बारा वर्षांनी रणनवरे सरकारांचा टांगा यायचा
दांडिया बाजारात, आमच्या पटवेकऱ्यांच्या दारी.
पुढे मोटार यायला लागली.
या खेपेला कोर्टाचा माणूस आला, कागद घेऊन:
सात सरांचा हार सोडवावा, दाणे मोजावेत,
चार सर थोरल्यांना, तीन ताईसाहेबांना.
गोंडा कुणाला, ते लिहिलं नव्हतं.

पांढरी चादर. चादरीवर मी,
समोर सुरतेचा पारखी, दोन वकील,
आणि बडोद्याच्या मे महिन्यात पंखा बंद,
दाणा घरंगळू नये म्हणून.

आधी निघाला तो विलायती टियारा.
यादीत मोडीत नोंद: 'पॅरिसचा ताज, बायकी, नग एक.'
बाईसाहेबांनी एकदाच घातला, फोटोपुरता.
पदर घ्यावा तर ताज झाकतो,
ताज दिसावा तर पदर घसरतो,
आणि पदर घसरलेला फोटो
दिवाणखान्यात लावणार कोण?
तेव्हापासून तो मखमलीत पडून.
त्यात सगळं तारेवर जडवलेलं, आमचं काम नाही.
पारख्याने भिंग लावलं. मोती मेलेत, म्हणाला.
खडूसारखे.

मग हार हातात घेतला, आणि गप्प झाला.
खिडकीशी नेला, परत आणला.
'आ तो जीवता छे. कोण घालतं?'
ताईसाहेब म्हणाल्या, आई घालायची.
थोरले म्हणाले, आई जाऊन चाळीस वर्षं झाली.
वकिलांनी दोघांचंही लिहून घेतलं.

मला कुणी विचारलं नाही.

बकुळा साळुंके, कोठीवरची.
दर गुरुवारी दुपारी तिला न्हायला लावायचे,
हार गळ्यात घालून चोळीच्या आत सोडायचे,
आणि बाहेरून कडी.
मोत्याला अंगाची ऊब लागते,
आणि घरातली अंगं मसुरीला, नाहीतर लंडनला.
तीन तास. खोलीत आरसा नाही.
दुपार फुकट जायला नको
म्हणून पुढ्यात तांदूळ, निवडायला.
एकतीस वर्षं असं. तीन वर्षांमागे ती गेली,
कोठीच्या वहीत पगार थांबल्याची एक ओळ.

आई शिकवायची: दोरा वाचायला शीक.
अत्तराचा दोरा मानेपाशी पिवळा पडतो.
घामाचा चहाच्या रंगाचा होतो, आणि खाली, मधल्या पदकाजवळ.
मी गाठ गाठ सोडवत गेले.
चौथ्या सरात, दोन दाण्यांच्या मध्ये,
एक तूस सापडलं. तांदळाचं.
'काय आहे?' पारखी वाकला.
'मळ,' मी म्हटलं,
आणि ते दोऱ्यातच राहू दिलं.

नवं रेशीम, टोकाला डिंक, दाणा, गाठ, दाणा, गाठ.
चार सर. तीन सर.
दोन डब्या, दोन लाखोट्या, दोन सह्या.
थोरल्यांनी हार उचलून बघितला आणि
हात पुसला, का कोण जाणे.
टियाऱ्यावर तारीख पडली. तो दोघांनाही हवाय.

संध्याकाळी फाटकावर शिपायाने माझा डबा उघडायला लावला.
बिस्किटांचा डबा, आजोबांच्या वेळचा.
त्यात वेटोळी: आजोबांनी सोडवलेलं, आईने सोडवलेलं,
वर आजचं, अजून जरा ओलसर वाटणारं.
'शुं छे?'
'दोरा.'
त्याने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.
दोरा कुठेच नव्हता.
'जाव, बेन.'

मांडवीपर्यंत चालत गेले. शेवउसळीच्या गाडीवर
पोऱ्या म्हणाला, हात धुवा ना ताई, नळ तिकडे आहे.
मी म्हटलं, राहू दे.
चमचा मागून घेतला.