सकाळी साडेनऊचा खेळ

वेळापत्रक मी पेन्सिलीनं आखलं,
खोडावं लागणार हे ठाऊक होतं.
चार दिवस, एकतीस चित्रपट, दोन पडदे;
त्यातला एक पडदा म्हणजे शहापुरातल्या मंगल कार्यालयाची
चुना मारलेली भिंत.

पत्रकावर कुठली लिपी वर, कुठली खाली
यावर कमिटी तीन तास बसली.
होनगेकर सरांचा चहा दोनदा निवला,
हिरेमठ मॅडमनी चष्मा काढून ठेवला.
छापखान्यातला बसू म्हणाला,
आडवं छापा की, एक डावीकडं, एक उजवीकडं.
मग डावी कुणाची, यावर आणखी एक तास.

गर्दीचे खेळ संध्याकाळी.
ज्यावर आवाज चढतील असं वाटलं, ते दुपारी,
लोक जेवून सुस्त असताना.
आणि जो कुणीच मागितला नव्हता
तो शनिवारी सकाळी साडेनऊला.

कुठल्याशा डोंगराळ मुलखातला.
एक म्हातारी, एक मेंढरू, एक खिंड.
खालच्या ओळींची फाईल आलीच नाही.
परशराम कंग्राळकर, बावीस वर्षं रिळं फिरवलेला माणूस,
लॅपटॉपकडं पाहुण्यांच्या पोराकडं बघावं तसा बघत
म्हणाला, लावू?
लाव म्हटलं.

खुर्च्या दोनशे, माणसं अकरा,
त्यातले सात आमचेच बिल्लेवाले.
वडगावच्या दोघी, माग बंद, लाईट नाही म्हणून आलेल्या.
दवाखान्याचा वॉचमन, रात्रपाळी करून.
एक पोरगा, नुसताच.

खिंडीत नाका आला.
बंदूकवाला शिपाई काहीतरी बोलला,
म्हातारी काहीतरी बोलली,
आणि अंधारात मल्लव्वानं सांगून टाकलं,
'कागद केळाकत्तार.'
शेजारची रखमा म्हणाली,
कागद कशाला गं? मेंढरू मागतायत.
कागद.
मेंढरू.
मागून वॉचमन जांभई देत म्हणाला,
दोन्ही मागतायत.

नंतर कुणी गप्प बसलंच नाही.
म्हातारीच्या तोंडी एकाच वेळी दोन दोन वाक्यं,
पोरगाही बोलू लागला,
मेंढराच्या वतीनं.
मी मागच्या भिंतीला टेकून उभा,
गप्प बसा म्हणायचं माझं काम विसरून.

फाईल आली रविवारी रात्री,
सगळं संपल्यावर, दिलगिरीच्या पत्रासकट.
मी एकट्यानं ती खिंड पुन्हा लावली.
म्हातारीची वाक्यं होती, सरळ, साधी:
पाय दुखतात. पोरीकडं जायचंय.
शिपाई बोलला तिथं मात्र कंसात एवढंच,
(पलीकडच्या भाषेत बोलतो.)

म्हणजे तिलाही कळलं नव्हतं.

परशरामला सांगायला गेलो.
तो वायरी गुंडाळत होता; भिंतीसमोर
उद्याच्या लग्नाचे बांबू येऊन पडलेले.
त्यानं ऐकून घेतलं, गाठ दातानं ओढली,
म्हणाला, मग मल्लव्वाला विचारायला पाहिजे.
तिचं माहेर पलीकडंच हाय.