शेष सामान्य

तिकीट दीडशेचं होतं,
म्हणून आमच्याकडे तो विषयच निघाला नाही.
पण बाबांची ड्यूटी लागली नेहरू स्टेडियमवर.
वीज मंडळाचा कागद आला:
कार्यक्रम संपेपर्यंत ट्रान्सफॉर्मरपाशी हजर राहणे.
आई म्हणाली, हिलाही न्या,
आठवडाभर तोंड पाडून बसलीय.

म्हणून माझा पहिला पॉप शो मी पाहिला
मागून.
स्टेजच्या मागून, तारेच्या कुंपणाआड,
'खतरा' लिहिलेल्या पाटीवरची कवटी
आणि मी, शेजारी शेजारी,
अवजारांच्या खोक्यावर.
जानेवारी. मफलर नाकापर्यंत.

मला दिसली ती तिची पाठ.
चंदेरी जॅकेटची शिवण मागे उसवलेली,
तिथे दोन सेफ्टीपिना.
समोरच्या हजारो लोकांना हे माहीत नव्हतं.
पोस्टरवर तर नव्हतंच.

आणि तिच्या खांद्यावरून
अख्खं इंदूर माझ्याकडे तोंड करून उभं.
पुढे सोफ्यांवर साहेब लोक, हाताची घडी,
त्यांच्या मागे कॉलेजची मुलं खुर्च्यांवर चढलेली,
आणि बांबूच्या कठड्याला रेलून आमचे मुंगी सर,
भूमितीच्या तासाला कधी न हसलेले,
डोळे मिटून, दोन्ही हात वर,
चुकीच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होते.
मी मान फिरवली.
कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

गाणी? गाणी मला नीट ऐकूच आली नाहीत.
स्पीकर सगळे पलीकडे तोंड करून.
आमच्या वाट्याला नुसता ड्रमचा धक्का, बरगड्यांत,
आणि ट्रान्सफॉर्मरचा तो जाड, न थांबणारा सूर.
बाबा त्यालाच कान लावून बसलेले.
"याचा आवाज बदलला की समज," म्हणाले.
काय समजायचं, ते नाही सांगितलं.

तो बदलला.
ठप्प.

काळोख असा की स्टेडियम होतं की नव्हतं कळेना.
मग शिट्ट्या. मग बिजलीवाल्यांना शिव्या,
त्यात माझ्या आजीचाही उद्धार.
बाबा टॉर्च दातांत धरून फ्यूजच्या डब्यात
कोपरापर्यंत.

स्टेजच्या मागच्या पायऱ्यांवर कोणीतरी धापा टाकत बसलं.
"कोई है? पानी मिलेगा थोड़ा?"

बारीक आवाज. बसलेला. चक्क सर्दी झालेला.
आमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलीचा असावा इतका.
मी तारेतून बाटली पुढे केली, शाळेची, निळी,
जिच्यावर आईनं नेलपॉलिशनं लिहिलेलं:
शर्वाणी किबे, नववी ब.
ती गटागटा प्यायली.
"तुम्हारे यहाँ ठंड बहुत है, यार."
मी म्हटलं, "हो ना."
मराठीत. तेवढंच सुचलं.
तिचे दात वाजत होते. मला ऐकू येत होते.
त्या रात्रीचं सगळ्यात स्पष्ट ऐकलेलं तेच.

मग दिवे. गर्जना.
ती उठली
आणि तीन पायऱ्यांत मोठी झाली.

सगळे गेल्यावर बाबांनी वही काढली.
टॉर्च मी धरला.
नऊ बावन्न से नऊ चौवन तक सप्लाई बंद।
फ्यूज बदला गया। शेष सामान्य।
खाली सही, वळणदार, जशी माझ्या प्रगतिपुस्तकावर.

सराफ्यात गराडू खाताना विचारलं, "आवडलं का गं?"
म्हटलं, "तुम्हाला?"
बोटाचं भाजलेलं टोक फुंकत म्हणाले,
"लोड फार टाकला त्यांनी."

सोमवारी मुंगी सरांनी प्रमेय शिकवलं.
मी फळ्याकडे नाही, त्यांच्या हातांकडे पाहत होते.
मधल्या सुट्टीत सगळ्या विचारत होत्या, कोण गेलेलं, कोण गेलेलं.
मी बाटली उघडली.
तोंडाला लागलेली लाली आईनं रविवारीच घासून काढली होती,
काही न विचारता.
पाण्याला व्हिमचा वास येत होता.